एकाच घरातले चार गुडघे

दुपारी इस्त्रीच्या दुकानात वाफेचं असं धुकं साठायचं की माणसाचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. थोरलीला ती वेळ आवडायची. दाराजवळच्या स्टुलावर बसल्याबसल्या तिचे डोळे मिटायला लागायचे. दोरीवर टांगलेले रिकामे सदरे एकमेकांच्या कानाला लागून काहीतरी बोलतायत असं तिला वाटायचं.

दुकान दोघी जावांचं होतं. थोरली दाराशी बसून कपडे घ्यायची, चिठ्ठ्या टाचायची, गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायची. धाकटी आत टेबलाशी उभी राहून इस्त्री फिरवायची. दोघींचे नवरे मागेपुढे गेले, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. कुणी ठरवलं नव्हतं. थोरली ती थोरली म्हणून बसायची, धाकटी ती धाकटी म्हणून उभी राहायची.

गुडघे मात्र चारही सारखेच कुरकुरत. त्यातल्या त्यात धाकटीचे जास्त. तिची लेक दुसऱ्या शहरात होती. परवा फोनवर ती म्हणाली, "आई, थंडी पडायच्या आत गुडघे सुधारले नाहीत तर मी येऊन घेऊन जाणार. इथे लिफ्ट आहे. बसून राहा नुसती."

धाकटी म्हणाली, "बघू गुडघ्यांचं काय होतं ते."

ते 'बघू' थोरलीच्या काळजात जाऊन बसलं. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "चादरी राहिल्यात अजून."

त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यात गुडघ्यांचा अभ्यास निघाला. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला गोड. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. गोळ्या दोन तऱ्हेच्या, एक नेहमीची, एक नवी. दिसायला सारख्या. कुणाला कुठली ते घेणाऱ्याला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही, फक्त औषध वाटणाऱ्याला माहीत. शिवाय प्रत्येक गुडघ्याची सोनोग्राफी होणार आणि मोठ्या यंत्रातला एमआरआयही होणार. "सूज दोन्हींत सारखीच दिसते का, ते बघायचंय. मोठं यंत्र सगळीकडे कुठे असतं?"

"म्हणजे तुम्हालासुद्धा माहीत नाही?" धाकटीने विचारलं.

"नाही ना. माहीत असलं की डोळे पक्षपात करतात."

"आमच्याकडे तर माहीत नसतानाही करतात," धाकटी म्हणाली आणि तिने थोरलीकडे बघितलं. थोरलीने पदर सारखा केला.

निघताना सिस्टरने दोन पांढऱ्या बाटल्या दिल्या. "एका घरात राहता म्हणून मुद्दाम सांगते. आपापली बाटली आपापल्याकडे. अदलाबदल नाही."

"आम्ही काय लहान पोरी आहोत?" थोरली म्हणाली.

गोळ्या सुरू होऊन महिना झाल्यावर पहिल्या तपासणीला तिला सोनोग्राफीच्या खोलीत अंधारात आडवं केलं. गुडघ्यावर गार मलम आलं आणि या खेपेला तिच्याकडे वळवलेल्या पडद्यावर राखाडी पाणी हलायला लागलं. पाण्यात कडेकडेने पांढऱ्या रेघा, मध्ये काळं डबकं. इतकी वर्षं हे सगळं घेऊन आपण जिने चढलो आणि आत तळं आहे याचा पत्ता नव्हता, असं तिच्या मनात आलं. तिला वाटलं, नीट बघितलं तर तळाशी कुणीतरी दिवा लावून बसलेलं दिसेल.

"डबकं लहान झालंय, आजी," फोटोवाला डॉक्टर म्हणाला. "गोळ्यांच्या आधी काढला होता त्या फोटोपेक्षा बरं आहे."

धाकटीचं डबकं होतं तेवढंच होतं.

घरी येताना धाकटी रस्त्यात दोनदा थांबली. विजेच्या खांबाला हात लावून म्हणाली, "तुम्हाला नवी लागली वाटतं, ताई. आमचं नशीब जुन्याचंच."

"नशीब कसलं? चल हळूहळू."

"चालतेच आहे. लेकीला काय सांगू मग?"

थोरलीने तिच्या हातातली पिशवी घेतली. रात्रभर पडद्यावरचं पाणी तिच्या डोळ्यांपुढे हलत राहिलं. दुसऱ्या दिवशी धाकटी अंघोळीला गेली तेव्हा तिने दोन्ही बाटल्या उघडल्या, गोळ्या ताटलीत वेगवेगळ्या ओतल्या आणि याच्यातल्या त्याच्यात, त्याच्यातल्या याच्यात भरून टाकल्या. असं हलकं वाटलं की जणू दुसरंच कुणी हे करत होतं आणि ती खिडकीबाहेरून बघत होती. एका घरात आपण एवढे दिवस दोन चुली मांडल्या नाहीत, मग औषध का वेगळं असावं, असं तिने स्वतःला समजावलं. आणि खरी गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. धाकटी गेली तर हे घर तिला खायला उठणार होतं.

नुसत्या गोळीवर तिचा भरवसा नव्हता. दुकानात पोहोचताच तिने धाकटीच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"हे काय नवीन?"

"तू बस दाराशी. गिऱ्हाइकं मला कंटाळलीत."

"आणि कॉलर कोण करणार? तुम्ही कॉलर करता ती डुलकी काढल्यासारखी दिसते."

"शिकेन. तू जन्मतःच शिकून आली होतीस का?"

धाकटी पुटपुटत स्टुलावर बसली आणि बसली ती बसलीच. आता वाफेचं धुकं थोरलीच्या तोंडावर यायचं. इस्त्री पुढे गेली की कापडावर रस्ता उघडायचा, मागे आली की मिटायचा. पांढऱ्या चादरींवरून ती तासन्‌तास चालत जायची, कुठे ते तिला कळत नसे. दाराकडून धाकटीचं हसणं यायचं आणि तेवढ्यावर ती उभी राहायची. गुडघे संध्याकाळी पेटायचे, तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन त्यांच्यावर पाणी सोडायची. तोंडातून ब्र काढायची नाही.

पुढच्या तपासणीला धाकटी जिना कठड्याला न धरता चढली. सोनोग्राफीत तिचं डबकं आटलेलं दिसलं. थोरलीचं फुगलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून कपाळाला आठी घातली. "आता मोठ्या यंत्रातही बघू. ते काय म्हणतं त्यावरून कळेल. हे सगळ्यांचं मिळून आम्ही लिहिणार, आणि मग गावोगावचे डॉक्टर त्यावरून ठरवणार, कुणाला कुठली गोळी द्यायची ते."

त्या हे सहज बोलल्या. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

तिने केसांतला आकडा काढून दिला, कानांवर टोप्या घातल्या आणि पाय पुढे करून ती यंत्रात सरकली. हलायचं नाही असं बजावलेलं. यंत्र ठोकायला लागलं. आधी दारावर कुणीतरी थाप मारतंय असं वाटलं, मग खूप माणसं जिना चढतायत असं. तिने डोळे मिटले. जिन्यावर बायाच बाया होत्या, तिच्या वयाच्या, कठड्याला धरून चढणाऱ्या. प्रत्येकीच्या हातात पांढरी बाटली. एकीने वळून विचारलं, बाई, ही आपल्याला लागू पडते ना? थोरलीला सांगायचं होतं, पण हलायचं नव्हतं. बाया चढत राहिल्या. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता, सगळ्यांचे आवाज मात्र धाकटीचे होते.

बाहेर आल्यावर चपला घालायच्या आधीच ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. धाकटी बाकावर बसली होती, तिला सोबत यायला लावलं. दोनदा सांगायची ताकद नव्हती.

"बाटल्या मी बदलल्या," ती म्हणाली. "हिला माहीत नव्हतं. तुमच्या चित्रांत काही खरं नाही. आम्हाला दोघींना काढा, पण ते लिहू नका."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. रागावल्या असत्या तर थोरलीला बरं वाटलं असतं.

"काढावं लागेलच," त्या म्हणाल्या. "पण का बदललीत?"

"माझी चांगली होती म्हणून."

त्यांनी औषध वाटणाऱ्याला फोन लावला. दोघी अभ्यासातून बाहेर गेल्या आणि गोळ्यांची गल्लत झालीय, तेव्हा कुठली गोळी होती ते कळायला हवं, असं सांगितलं. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

"दोघींना एकच होती. नेहमीची. तुम्ही बदललंत ते काही बदललंच नाही."



"मग हे डबकं?" थोरलीने विचारलं.

"या दिवसांत दुसरं काय वेगळं केलंत?"

उत्तर धाकटीनेच दिलं. "पूर्वी मी उभी असायचे, ह्या बसायच्या. आता ह्या उभ्या असतात."

"दिवसभर?"

"दिवसभर. आणि मला म्हणे गिऱ्हाइकं कंटाळलीत."

"असू शकेल," डॉक्टरीणबाई जपून म्हणाल्या. "दोघींवरून काही सिद्ध होत नाही हं. म्हणून तर आम्हाला इतकी माणसं लागतात."

"आम्हाला दोघी पुरतात," धाकटी म्हणाली आणि उठली.

बाहेर ऊन उतरलं होतं. भिंतींवर ते असं पसरलं होतं की नुकतीच कुणीतरी इस्त्री फिरवून गेलंय. दोघी चालत होत्या. या खेपेला थांबत होती ती थोरली. धाकटी पुढे जायची, थांबायची, पण मागे बघायची नाही. थोरलीला वाटलं, आता काही बोलायचं उरलं नाही. गोळी नाही, तपासणी नाही, लेकीला सांगायला चांगला गुडघा आहे तोही उसना. पुन्हा इस्त्री धरली की जाईल.

दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर धाकटी बसली. "बसा."

थोरली बसली.

"चोरून गोळ्या बदलल्या. पाय सुजवून घेतलेत. माझ्यासाठी, होय ना?"

"तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी."

"तेच म्हणते मी. एवढं सगळं केलंत, पण तोंडाने काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं होतं?"

"लेकीचा फोन आला तेव्हा मी बघू म्हणाले. का म्हणाले? तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही चादरी राहिल्यात म्हणालात."

थोरलीने समोर बघितलं. रस्त्यावरून माणसं जात होती, हळू, जणू पाण्याखालून. एक शब्द तोंडाबाहेर काढणं त्या यंत्रात न हलता पडून राहण्यापेक्षा अवघड होतं.

"राहा," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"राहा म्हटलं. बहिरी कधीपासून झालीस?"

धाकटीने हसू दाबत पिशवीतून फोन काढला. लेकीने उचलल्यावर म्हणाली, "गुडघा सध्या बरा आहे गं, पुढचं माहीत नाही. नाही, येत नाही मी. गुडघ्याचा काही संबंध नाही. तूच ये चार दिवस, काम पडलंय, आम्हा दोघींना आता आळीपाळीने बसायचंय."