तुळजाबाईचं गिराण

आखाड सरायला एकच दिवस उरला होता. धर्मराज अंगणात दगडावर सुरी घासत बसला होता आणि टोपलीखाली त्याचा लाल तुऱ्याचा कोंबडा कुरकुरत होता. चार महिने त्याने त्याला बाजरी चारली होती. उद्या अमावस्या, परवा श्रावण. एकदा श्रावण लागला की या घरात अंड्याचं टरफलही दिसत नाही. त्यात उद्या जावई जेवायला येणार. धोंड्याच्या महिन्यात धर्मराज मोतीबिंदू काढून, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडला होता, म्हणून जावयाचा मान राहून गेला होता. तो आता कोंबड्यावर फेडायचा होता. लेक, तृप्ती, आठ दिवस आधीच माहेरी आली होती. तिला पाचवा महिना.

आम्ही शेजारी. आमची भिंत एक आणि खोटं कशाला बोलू, त्या रश्शातली एक वाटी आमच्याकडेही यायची होती.

तेवढ्यात तुळजाबाई मोबाईल हातात धरून बाहेर आली.

"ठिवा ती सुरी खाली. उद्या चूल पेटणार न्हाई."

"का? गॅस संपला?"

"गिराण लागून राह्यलं. खग्रास. माहेरच्या ग्रुपवर आलंय. रात्री नवाला लागतं, म्हणजे वेध सकाळी नवापासून. शिजवायचं न्हाई, खायचं न्हाई, चिरायचं तर बिलकुल न्हाई."

"रात्री नवाला सूर्याला गिराण? अगं, तो तर सातलाच घरी जातो!"

"मंग घरी गेल्यावर लागत असंल."

धर्मराजने रस्त्याकडे पाहिलं. सत्यशीलाबाई शाळा सुटून चालल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. धर्मराजने बुडत्याने हाक मारावी तशी हाक मारली.

"बाई, जरा या हिकडं! हे गिराण खरं हाय का?"

"खरं हाय की," बाई दारात थांबल्या. "पण खग्रास दिसणार ते स्पेनला, आइसलँडला, वर ग्रीनलंडच्या बर्फात. आपल्याकडं तवा रात्र. पंचांगवालेही म्हणतात, जिथं दिसतं तिथंच पाळायचं."

"दिसत न्हाई म्हणून नसतं का?" तुळजाबाई म्हणाली. "देव दिसतो का?"

"माझ्या मायनं पोटुशी असतानाबी गिराणात भाजी चिरली, तुळजाबाई. माझे दोन्ही कान शाबूत हायत."

बाई सहज म्हणाल्या, पण तुळजाबाईचा चेहरा उतरला. ती तृप्तीजवळ गेली आणि तिचे केस बाजूला करून डाव्या कानाची पाळी सगळ्यांना दाखवली. पाळीला खालून चीर होती.

"पंच्याण्णवच्या दिवाळीत गिराण लागल्तं. ही पोटात होती. सासू नको नको म्हणत होती, तरी मी दोडका चिरला. आता बोला."

धर्मराजची सुरी थांबली. तीस वर्षांच्या संसारात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, मी तर पाळण्यातून पडल्ते ना?" तृप्तीने विचारलं.

"तसं सांगितल्तं मी. लोक काय म्हणतील म्हणून."

मला भिंतीआड वाईट वाटलं. बाईमाणसाने एका दोडक्यापायी तीस वर्षं मनाला लावून घ्यावं! सत्यशीलाबाईही तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

धर्मराजने सुरी बाजूला ठेवली. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "वेध नवाला लागतात ना? नवाच्या आदी जेवलं तर?"

तुळजाबाईने विचार केला. यात तिला खोट सापडेना.

झालं! दुसऱ्या दिवशी तो कोंबडा आरवायच्या आतच कापला गेला. जावई बबलू जालना एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये रात्रपाळी करून साडेआठला आला. चहाची आशा धरून आला आणि पुढ्यात भाकरी आणि लालभडक रस्सा. डोळे झोपेने मिटलेले, नाकातून पाणी.

"पाव्हणं, जल्दी हाणा. धा मिंटं राह्यली," तुळजाबाई घड्याळाखाली उभी राहून सांगत होती.

नऊ वाजले तेव्हा बबलूच्या तोंडात तंगडीचा घास होता. आता गिळावं की थुंकावं, हा धर्मसंकटाचा प्रश्न झाला. शेवटी सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि जावयाने गिळून टाकलं. उरलेल्या रश्शात तुळशीचं पान पडलं, वर झाकण आणि झाकणावर पाटा. बबलू ओसरीवर घोरायला लागला. आमची वाटी काही आली नाही.

पण सकाळी सकाळी तृप्तीला मळमळत होतं. तिने दोन घास कसेबसे खाल्ले होते. आता ती कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली होती. दुपारचे तीन वाजले.

"भूक लागली का गं?"

"न्हाई आई."

पोरीने आईच्या भीतीपायी भूक गिळली होती. तुळजाबाई आत जाई, पाट्याला हात लावी, बाहेर येई. शेवटी दारात उभी राहून तिने वर पाहिलं. ढग फाटले होते आणि सूर्य अख्खा होता.

"कुठं म्हणल्या होत्या बाई?"

"स्पेन," धर्मराज म्हणाला.

"लांब हाय?"

"पाव्हण्याच्या मिलपेक्षा लांबच असंल."

"मंग तिथल्या पोटुशा बायांनी पाळावं. माझी लेक हितं उपाशी हाय."

पाटा खाली आला. रस्सा तापला. कांदा मात्र तुळजाबाईने स्वतःच, तृप्तीला भिंतीकडे तोंड करून बसवून चिरला. मग एकेक घास तिच्या तोंडात घातला. दोघींचे डोळे भरून आले. कांद्याचं निमित्त आयतंच होतं. धर्मराजने आपली ताटली हळूच पुढे सरकवली.

"तुम्ही पोटुशी हाव का?"

"न्हाई. पण मी स्पेनमंदीबी न्हाई."

आमची वाटी सव्वाचारला आली.

शाळा सुटल्यावर सत्यशीलाबाई आल्या, वास घेऊन हसल्या. "पुढल्या वर्षी दोन ऑगस्टला अजून मोठं खग्रास हाय. इजिप्तकडं, मक्केकडं. त्यातला जरासा घास आपल्याकडंबी दिसंल, ढग नसले तर."

धर्मराजचा हात थांबला. "तवाबी आखाडाचीच अमावस्या?"

"बराबर. आणि वर सोमवार."

धर्मराजने ताटलीकडे अशी नजर टाकली की जणू ती शेवटचीच.

"तोंड पाडू नका," तुळजाबाई म्हणाली. "तवा नातवंड आठ महिन्यांचं असंल. बाई, तुमच्या शाळेतला तो गिराणाचा चष्मा आणा, मी त्याला मांडीवर घिऊन बगीन. आणि कोंबडं आयतवारीच कापू."

धर्मराजने बोटं चाटली, हात धुतला आणि तडक उकिरड्याकडे गेला. कोंबडीची पिल्लं तिथं चरत होती. त्यातलं एक त्याने बराच वेळ पाहून हेरून ठेवलं.