डाळीच्या पाकिटावर कोण?

लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळमिलच्या ऑफिसात मुग्धा बसली होती खरी, पण डोकं अजून विमानातच होतं. डोळ्यांत कुणी तिखट भुरभुरल्यागत आग होत होती. पंख्याचा वारा कमी, खडखडाटच जास्त. आणि टेबलावर, लॅपटॉपवर, तिच्या केसांवरसुद्धा तुरीचा पिवळा भुसा बसत चाललेला.

ती नेदरलँड्समध्ये ग्राफिक डिझायनर, गेली अकरा वर्षं. ह्या मिलची डाळ आता तिकडच्या दुकानांत जाणार होती आणि तिचं पाकीट मुग्धानं करायचं होतं. "तू तिथलीच आहेस म्हणून तुला दिलंय. आज चित्र नाही आलं, तर दुसऱ्या कुणाला देईन," असं तिच्या वरिष्ठ हेलननं साखरेत घोळून बजावलं होतं.

हेलनला पाकिटावर हवा होता फेटेवाला हसरा शेतकरी, मागे बैलगाडी. मिलमालक बसवंतअप्पांना तो बिलकुल नको होता.

"बैलगाडी? अहो मॅडम, आमची पोरं ट्रॅक्टरवर रील काढायलेत! गोरी बाई टाका. सोनेरी केस, हातात वाटी. माल कसा फॉरेनचा वाटला पाहिजे."

"अप्पा, माल फॉरेनलाच चाललाय. तिथं गोऱ्या बाईचं कुणाला कौतुक?"

"मग इथंच विकू की! लातूरकर झडप घालतेत का न्हाई बघा!" स्वतःच्याच बोलण्यावर अप्पा पोट धरून हसले.

मुग्धाही हसली. पण हसायलासुद्धा जोर लावावा लागला. तिकडचे म्हणायचे, जरा भारतीय दिसू दे. की ही मोर काढायची. इकडचे म्हणायचे, तिकडचं काहीतरी दाखव; की ही मोर पुसायची. काढून काढून आणि पुसून पुसून हाताचं नुसतं लाकूड झालं होतं.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" बशीत चहा ओतत अप्पांनी विचारलं.

"औशाची."

"आँ! मग आधी सांगायचं की गं पोरी! मॅडम मॅडम करून जीभ वाळली माझी. बरं, तुझ्या मनानं तू काय काढशील?"

हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पेन उचललं. घरची चूल आठवून पाहिली, औशाचा बाजार आठवून पाहिला. काहीच हाती लागेना. हात मात्र सवयीनं सरसर चालला. फेटा आला, झुबकेदार मिश्या आल्या, मागून बैलगाडीही आली.

अप्पांनी मान तिरपी केली. "झकास जमलंय. कोण म्हणायचे हे पाहुणे?"

"मला नाही माहीत, अप्पा."

तेवढ्यात हेलनचा फोन आला. "झालं का?"

स्क्रीनवर फेटेवाला दात काढून हसत होता. एक बटण दाबलं की मुग्धा सुटली असती. हेलन खूश, नोकरीत शाबासकी.

"नाही," मुग्धा म्हणाली. "दाखवण्यासारखं काही नाही माझ्याकडे."

"मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

"दे."

फोन ठेवल्यावर रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. आली ती जांभई, जबडा दुखेल एवढी मोठी.

"आता गं? पाकिटावर कोण मग?" अप्पा गोंधळले.

"उठल्यावर विचारा," असं म्हणून ती चपला काढून तिथल्याच बाकावर आडवी झाली.