माझ्या तोंडातली विभूती

मी बोलतोय, पण तुम्हाला ऐकू जातंय ना? माफ करा, हल्ली हे विचारायची खोडच लागलीय मला. मी एक मोबाईल फोन आहे. सध्या सोलापुरात, नवी पेठेतल्या एका दुकानात काचेआड पडून आहे आणि माझ्या जिवाला एक घोर लागलाय.

मी बाजारात आलो तेव्हा सगळ्या कंपन्या कॅमेऱ्यामागे धावत होत्या. एकीने दोन लावले की दुसरी तीन लावायची. माझ्या कंपनीने मात्र आवाजाचा विचार केला. माझ्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडली आणि आत असे माईक बसवले, की भोवती कितीही गोंगाट असो, पलीकडे फक्त बोलणाऱ्याचा आवाज जावा. काय तोरा होता माझा तेव्हा! पण पुढच्या दिवाळीपर्यंत सगळ्यांनी तेच केलं, तेही स्वस्तात. आमची कंपनी दमली आणि तिने फोन बनवणंच सोडून दिलं. टीव्हीवर ती बातमी ऐकली तेव्हा मला पोरकं झाल्यासारखं वाटलं.

तोवर मला गुरम्माचं घर मिळालं होतं, ही देवाची दया. गुरम्मा कडक भाकरी करून विकते. ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत. तिच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे, त्याचा खडखडाट दिवसभर चालतो. आधीच्या फोनवर तिचं बोलणं कुणाला धड कळत नसे, म्हणून तिच्या मुलाने, प्रभूने, मला निवडलं. टेंभुर्णीचे श्रीमंत नावाचे धाबेवाले रोज सकाळी फोन करून भाकरी सांगायचे. तिचे हात पिठात असायचे, म्हणून ती मला डब्याला टेकवून ठेवायची आणि लांबूनच बोलायची. माग कितीही ओरडले तरी मी तिचा एक शब्द गाळत नसे.

मग खंडेनवमी आली. तिने पाटावर परात, तवा, उलथनं मांडलं आणि शेजारी मला ठेवलं. "पोटाला घालतोय की तो बी," ती प्रभूला म्हणाली. मला अगदी भरून आलं. आमच्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसतात, पण फोनची कुणी पूजा केल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग तिने विभूती पाण्यात कालवली. काचेवर लावली तर नंबर कसे दिसणार, असा विचार करून तिने बोटं बुडवून माझ्या खालच्या कडेवर पट्टे ओढले. विभूती छिद्रांत उतरली आणि वाळून चुन्यासारखी घट्ट बसली.

दुसऱ्या दिवशी श्रीमंतांचा फोन आला. गुरम्मा बोलत होती आणि पलीकडून ते म्हणत होते, "अक्का, बोला की. काय ऐकूच येईना."

तिला वाटलं, रेंज नाही. ती अंगणात गेली, गच्चीवर गेली. मी आतून जीव तोडत होतो, पण छिद्रं बुजल्यामुळे तिचा शब्द पलीकडे जातच नव्हता. श्रीमंत काही दिवस फोन करत राहिले, मग त्यांनी दुसरीकडून भाकरी घ्यायला सुरुवात केली. बाकीची गिऱ्हाइकंही गळू लागली. भाकरीच्या चवडी घरातच राहिल्या. गुरम्मा मला रोज पदराने पुसायची, पण काचेवरून. खाली कुणी पाहिलंच नाही.

शेवटी तिने मला इथे, विरेशच्या मोबाईलच्या दुकानात आणलं. त्याने भिंग लावून माझी कड पाहिली. पाहता पाहता तो थांबला. त्याला पांढरं दिसलं, याची मी शपथ घेऊन सांगतो. त्याचा हात ब्रशकडे गेलाही होता. पण समोर दुसऱ्या कंपनीचं मोठं पोस्टर लटकत होतं आणि महिनाअखेरीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर होतं. त्या कंपनीला आणखी तिसऱ्या कंपनीच्या पुढे जायचं होतं. विरेश माणूस वाईट नाही, पण त्याने ब्रश उचलला नाही.

"माईक गेलाय, अव्वा," तो म्हणाला. "ह्याची कंपनी बी बंद पडली. आता पार्ट कुटनं आणू? हा देऊन नवा घ्या की."

तिने घेतला. माझं सिम काढून त्याच्यात घातलं, तेव्हा मला तिचं सगळं घरच पोटातून निघून गेल्यासारखं झालं. दाराशी जाऊन ती वळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझ्याच पूजेत काय तरी कमी पडलं असंल. ह्या नव्याला घरी गेल्या गेल्या भरपूर विभूती लावते."

विरेश मान खाली घालून म्हणाला, "लावा की, अव्वा."

ती गेल्यावर त्याने ब्रशने माझी छिद्रं साफ केली. आता माझा आवाज खणखणीत आहे. पण मला कोण विचारतंय? उद्या कुणीही मला घेऊन जाईल.

त्या नव्याला माझ्याहून जास्त छिद्रं आहेत, हो. तुम्ही कधी भाकरी घ्यायला त्या मागांच्या बोळात गेलात, तर गुरम्माला माझा एवढा निरोप द्या. तुझ्या पूजेत काहीच कमी पडलं नव्हतं, बाई. फक्त विभूती त्याच्या पाठीला लाव.