निकाल राखून ठेवलाय

पाळकसाहेब त्या रविवारी तोंड पाडूनच घरी आले. चर्चमधल्या तरुणांच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "येशूच्या रिकाम्या कबरीपाशी देवदूत एक होता की दोन? बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत वेगवेगळं का लिहिलंय?" त्यांना धड उत्तर देता आलं नव्हतं.

घरी सासरे होते, निवृत्त न्यायाधीश. चहात साखर आहे, हेसुद्धा ते चाखल्याशिवाय मानत नसत. सगळं ऐकून ते हसले.

"जावईबापू, चार साक्षीदार शब्द न् शब्द सारखं बोलले, की मी ओळखायचो, यांना पढवून आणलंय. खरं पाहिलेली माणसं तपशिलात चुकतात, मूळ गोष्ट सोडत नाहीत."

पाळकांचा चेहरा खुलला. "म्हणजे बाबा, येशू मरणातून उठला यावर तुमचा विश्वास बसला?"

"छे! साक्षीदार पढवलेले नाहीत, एवढंच म्हणालो. निकाल राखून ठेवलाय."

"मग दर रविवारी चर्चला कशाला येता?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "तुमची सासू म्हणायची, नुसते शेजारी बसा, तेवढं पुरे. ती गेली, पण ती जागा सोडवत नाही."

पुढच्या रविवारी पाळकांनी वर्गात मोकळेपणाने सांगितलं, की पुरावा आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो, आत पाऊल आपलं आपणच टाकायचं असतं. मुलीने लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि या वेळी त्यांना तो आवडला.

उपासनेत गीत सुरू झालं, तेव्हा सासऱ्यांचे ओठ हलताना त्यांनी पाहिले. परतताना पाळकांनी विचारलंच, "बाबा, गात होता ना?"

"सूर तपासत होतो," म्हणत सासऱ्यांनी जावयाचा दंड घट्ट धरला.