डी ड्राइव्हमध्ये ते नव्हते

मित्रांनो, मी आता कोरा आहे. इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या एका मशिदीच्या तळमजल्यावर, मुलींच्या शिकवणीच्या खोलीत मला ठेवले आहे. माझ्यावर बेरीज-वजाबाकीचे खेळ चालतात. मी तुम्हाला सांगणार आहे ते माझ्या पत्र्याला, पंख्याला आणि झिजलेल्या कळांना आठवते आणि नंतर कानावर आले तेवढेच. आत जे लिहिलेले होते ते मला सांगता येणार नाही. का येणार नाही, त्याचीच ही हकीकत आहे.

मला मुसअदने त्याच्या दुकानात उभे केले. पेटी एका कचेरीने टाकून दिलेली, पडदा दुसरीकडचा, कळफलक तिसऱ्याच कुणाचा. असा हा जुना संगणक तयार झाल्यावर त्याने माझे दोन कप्पे केले. सी यंत्राचा, डी माणसाचा. आमच्याकडे संगणक हळू चालो, तापो, नाहीतर नुसता रुसून बसो, दुकानदाराचा उपाय एकच असतो : नवे विंडोज टाकायचे. त्यात सी पुसला जातो, डी वाचतो. म्हणून जपायचे ते सगळे लोक डीमध्ये ठेवतात.

मला घरी नेले ते उस्ताद वग्दींनी. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. त्यांना हे कप्पे पटले नाहीत. लिहिलेला कागद टेबलावर समोर दिसला पाहिजे, असे ते म्हणत. त्यामुळे त्यांची सगळी पाने माझ्या पहिल्या पडद्यावर मांडलेली असत आणि तो पडदा सीमध्ये मोडतो. अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर पुदिन्याचा चहा घेऊन ते बसत आणि दोन बोटांनी लिहीत. लिहायला त्यांना वीस वर्षांपूर्वीचाच प्रोग्रॅम लागे. तो उघडायला मला चार मिनिटे लागत. मुसअदने एकदा नवा टाकून पाहिला, तर वरच्या पट्टीवरची चिन्हे बघून उस्ताद म्हणाले, "एवढं सगळं कशाला मांडलंयस? मला लिहायचंय, भाजी निवडायची नाही."

"अहो उस्ताद, तो जुना केव्हाच निवृत्त झाला."

"मग काय झालं? पेन्शन तर मागत नाही ना तुझ्याकडे?"

ते काय लिहीत होते? त्यांची बायको करीमान वारली तेव्हा मुलगी नर्मीन दीड वर्षाची होती. आईकडचे कोणी उरले नव्हते. लहानपणी नर्मीन विचारायची, आई कशी होती. उस्ताद उठून खिडकी लावायला जायचे. बाराव्या वर्षी तिने विचारणे सोडले. म्हातारपणी त्यांनी ते सगळे माझ्यात लिहायला घेतले आणि प्रत्येक प्रकरणाला जुन्या धड्याचे नाव दिले : पूर, गाळ, खाडीचे वारे. सगळ्याला धड्यांची नावे द्यायची त्यांची सवयच होती. नर्मीन शुक्रवारी येई. तिची पावले जिन्यावर वाजली की ते घाईने पत्त्यांचा खेळ उघडत.

ती मला दुरुस्त करता करता वैतागे. "बाबा, पत्ते खेळायला हा डबा कशाला हवा? मोबाइलवर खेळा की." ते हसत. मी तापत असे.

उस्ताद हिवाळ्यात गेले. मातमाचे, दुखवट्याचे तीन दिवस झाले आणि मशिदीच्या शेखांनी शिकवणीला एक संगणक हवा असल्याचे सांगितले. नर्मीनने लगेच मला द्यायचे ठरवले. बापाच्या नावाने असे दान दिले, की जितकी मुले त्यावर शिकतील तितके पुण्य त्याला कबरीत पोहोचत राहते. यात तिचे चुकले, असे कोण म्हणेल?

मुसअद मला न्यायला आला. त्याने विचारले, काही ठेवायचे आहे का? तिने नीट डी उघडला. त्यात तिच्या लग्नाचे चार फोटो होते, ते घेतले. मग पडद्यावरची नावे वाचली. पूर. गाळ. तिने एकावर दाबले. मी तो जुना प्रोग्रॅम उघडायला लागलो. धापा टाकत होतो, मित्रांनो. खाली गाडी उभी होती. तीन मिनिटे नर्मीन थांबली.

"शाळेचे जुने धडे आहेत," ती म्हणाली. "राहू दे. पुसून टाक."

चाळिसाव्या दिवशीच्या विधीला उस्तादांचे मित्र हाज्ज बय्यूमी आले. कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारले, आईवरचे वाचलेस ना? मला वाचून दाखवायचा, पण पूर्ण झाल्याशिवाय तुला द्यायचे नाही, असा त्याचा हट्ट होता.

नर्मीन तशीच मुसअदकडे गेली. त्याने मशिदीतून मला आणले, दोन दिवस उघडून ठेवले. तो वाईट माणूस नव्हता. शेवटी म्हणाला, "ताई, वर नवं विंडोज बसलंय, खेळ बसलेत, मुलींचे धडे बसलेत. खालचं काही हाताला लागत नाही." शेख म्हणाले, हवा तर परत घे. ती म्हणाली, दिलेले दान परत कसे घेऊ?

मग तिने बय्यूमींना धरले. उस्ताद तुम्हाला वाचून दाखवायचे, त्यातले आठवेल ते सांगा, म्हणाली. म्हाताऱ्याने बराच वेळ टोपी हातात फिरवली.

"खोटं कशाला बोलू, पोरी? तो वाचायचा आणि माझं लक्ष तवल्याच्या पटावरच्या फाशांवर असायचं. फार छान लिहिलं होतं, एवढं आठवतं."

आता नर्मीन दर सोमवारी इथे शिकवायला येते. एखाद्या मुलीने माझ्यावर पहिला शब्द लिहिला, की शेख म्हणतात, उस्तादांना पुण्य लागले. लागले असेल.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ झाडा, आम्हाला जपा, असे मी म्हणणार नाही. धूळ आम्हाला सोसते. घरातली म्हातारी माणसे काय लिहितात ते त्यांच्या शेजारी बसून एकदा विचारा. आणि त्यांचे एखादे पान उघडायला वेळ लागला तर थांबा. मला चार मिनिटे लागत होती.