मॅगझिन बदललं तेवढ्यात

टॉर्विकच्या नगर परिषदेत लव्हॉन स्कार्स्टाडने ठराव मांडायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा जाऊन आठ महिने होत आले होते. ठराव चार ओळींचा होता. दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील अशी बंदुकीची मॅगझिनं विकायला बंदी घालणारा कायदा राज्याच्या विधानसभेपुढे होता, आणि त्याला आमच्या गावाचा पाठिंबा आहे, इतकंच त्यात म्हटलं होतं. गावाच्या पाठिंब्याने कायदा होत नाही आणि विरोधाने अडतही नाही, हे लव्हॉनला कळत होतं. पण जिथे माणसं मेली त्या गावानेच तोंड शिवून बसावं, हे तिला गिळवत नव्हतं.

माणसं मेली ती कर्लिंग क्लबात. फेब्रुवारीतला शुक्रवार, तळलेल्या मासळीची पंगत, बर्फावर दगड सरकवायचा तो खेळ खेळून भुकेजलेली अर्ध्या गावातली माणसं. धान्याच्या कोठारातल्या कामावरून काढलेला एक जण पुढच्या दाराने आत आला आणि जेवणाऱ्यांवर गोळ्या झाडत सुटला. तीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं झालं तेव्हा दुसरं लावायला तो थांबला. त्याची बोटं गारठली होती की थरथरत होती कोण जाणे, ते बसेना. तेवढ्यात मागच्या दाराजवळची माणसं उठून पळाली. लव्हॉन पळाली. नगराध्यक्ष कर्ट ब्रेडेसन चार वर्षांच्या नातीला, ब्रिटाला, कडेवर घेऊन पळाला. लव्हॉनचा नवरा गॉर्डी पळाला नाही. त्याच्या कंबरेचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दुसरं मॅगझिन बसलं आणि गॉर्डी मेला.

लव्हॉनचं म्हणणं सरळ होतं. पहिलं मॅगझिन दहाचं असतं, तर तो वीस गोळ्या आधी थांबला असता.

परिषदेत पाच मतं, त्यातलं एक लव्हॉनचंच. लव्हॉनच्या बाजूने म्हाताऱ्या इंगा थोरेसनबाई होत्या, दोघे विरोधात होते, आणि पाचवं मत कर्टचं. कर्टचं ट्रॅक्टर आणि बर्फावर चालवायच्या गाड्यांचं दुकान होतं, आणि तो आणि गॉर्डी जन्मभर कर्लिंगच्या एकाच संघातून खेळलेले. लव्हॉन त्याच्या दुकानात गेली.

"भाषण ठोक असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "काय झालं तेवढं सांग. तो थांबला आणि ब्रिटा वाचली. बस्स."

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे, लव्हॉन. माझं निम्मं गिऱ्हाईक हरणाच्या शिकारीला जाणारं आहे."

"एका हरणाला तीस गोळ्या लागतात होय रे? तुला लागत असतील म्हणा. गॉर्डी सांगायचा तुझा नेम."

कर्ट हसला नाही. कॉफीचा कप त्याने टेबलावर फिरवला. "त्या दिवशीचं मला विचारू नकोस. चारचौघांत तर नकोच. मी तुझ्या मागेच होतो. विचारलंस तर मग सगळंच सांगावं लागेल मला."

लव्हॉन दुकानातून बाहेर पडली. ते कुणी पाहिलं नाही, अशी इतके दिवस तिची समजूत होती.

पुढचे काही दिवस ठराव मागे घ्यावा असं तिच्या मनात दहादा येऊन गेलं. पण ती शाळेची बस चालवायची, आणि रोज सकाळी बस क्लबावरून जायची. खिडक्यांना प्लायवुड ठोकलेलं. पोरं तिथे आली की गप्प होत. क्लब मागे पडला की पुन्हा कालवा सुरू. तिने ठराव ठेवला.

सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगी कर्स्टन आईसाठी डुलुथ शहरातून गाडी हाकत आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. आधी बोलायला उठला बंदुकांचा दुकानदार डेल रस्क. त्याने खिशातून सरावाचं नारिंगी प्लास्टिकचं पिस्तूल आणि रिकामी मॅगझिनं काढली. एक खाली पाडलं, दुसरं खटकन बसवलं.

"झालं! शिंकायला याहून जास्त वेळ लागतो. मग दहाचं काय नि तीसचं काय? एवढ्याशा खटक्यासाठी या बाईंना आपल्या सगळ्यांना चोर ठरवायचंय."

टाळ्या पडल्या. त्या खटक्याला लव्हॉन खुर्चीतल्या खुर्चीत दचकली होती, आणि मागच्या कुणीतरी ते हेरलं. त्याने बॉलपेनचं बटण दाबलं. खट. लव्हॉनचा खांदा उडाला. पुन्हा खट. दोघेतिघे फिदीफिदी हसले. सभा शांत करायला कर्टने समोरचा लाकडी हातोडा आपटला, पण हळूच.

"डेल, तुझे हात सरावलेले आहेत," लव्हॉन म्हणाली, "आणि तुझ्यापुढे कुणी किंचाळत नाहीये. त्याचं दुसरं मॅगझिन बसत नव्हतं. तेवढ्यात जे पळाले ते इथेच बसलेत. नावं मी घेणार नाही. ज्याचं त्याने उठून सांगावं."

कुणी उठलं नाही. ज्यांनी उठायचं ते आपापल्या बुटांकडे बघत राहिले. एक बाई पर्समध्ये रुमाल शोधू लागली, आणि तो काही तिला लवकर सापडेना.

मग लव्हॉन कर्टकडे वळली. "कर्ट, तो थांबला होता की नाही?"

कर्टने चष्मा काढला. "थांबला होता," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू." इंगाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "त्या वेळी गॉर्डी जमिनीवर होता. त्याला गोळी लागली नव्हती. नुसतं उठता येत नव्हतं. त्याने लव्हॉनचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला. एकेक बोट उलगडून. मी मागून पाहिलं. आठ महिने बोललो नाही, गॉर्डीसाठी. पण दुसऱ्यांवर कायदे लादायला निघालेल्या माणसाने आधी..."

पुढचं त्याने लोकांवर सोडलं, आणि लोकांनी ते उचललं.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

"आणि वर त्याच्याच नावाने ठराव! लाज तरी वाटते का?"

लव्हॉनने कर्स्टनकडे पाहिलं नाही. ती कर्टलाच म्हणाली, "मागून पाहिलंस ना? म्हणजे मी सोडल्यावर तो हात तुझ्या समोर होता."

"माझ्या कडेवर पोर होतं, लव्हॉन."

टाळ्या झाल्या. या टाळ्या डेलच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. काही जण उभे राहून वाजवत होते.

"होतं ना," टाळ्या थांबेपर्यंत थांबून लव्हॉन म्हणाली. "आणि ते पोर आज घरी झोपलंय, कारण त्या मारणाऱ्याच्या गोळ्या संपल्या. आत्ता तूच सांगितलंस, कर्ट. ऐकलं का कुणी?"

कुणी ऐकलं नव्हतं. सगळे तिच्या टेबलावरच्या उजव्या हाताकडे बघत होते. तिने तो खाली मांडीवर घेतला.

मतदान झालं. दोन बाजूने, दोन विरोधात. कर्ट म्हणाला, "विरोधात." ठराव पडला.

गाड्या उभ्या करायच्या जागेत कर्स्टन आईची वाट पाहत होती.

"बाबा तुला जा म्हणाले असतील," ती म्हणाली. "हो ना? तुला ढकललं असेल त्यांनी. सांग ना, आई."

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. कर्स्टनला तेच ऐकायचं होतं, आणि खरंखोटं करायला गॉर्डी नव्हता. लव्हॉनने दोनदा तोंड उघडलं.

"थांब म्हणाला," ती शेवटी म्हणाली.

कर्स्टन रडली नाही. "तू मला सांगितलंस, बाबा गोळी लागून जागच्या जागी गेले. मी माझ्या पोरांना तेच सांगितलं. झोपवताना सांगितलं मी त्यांना." ती गाडीत बसली आणि मोटेलवर राहिली. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तिने बापाचं मासे धरायच्या गळाचं सामान आणि बर्फ घासायचा कर्लिंगचा झाडू गाडीत टाकला. आईने केलेली कॉफी तशीच निवली.

त्याच आठवड्यात पालक शाळेत गेले. हात सोडणारीच्या हाती आम्ही पोरं कशी द्यायची, असं एकीने विचारलं म्हणे. मुख्याध्यापक गोड माणूस. "थोडे दिवस ऑफिसात बस, लव्हॉन, फोन घे," तो म्हणाला, आणि बसच्या किल्ल्यांसाठी हात पुढे केला. इंगाबाईंच्या पत्रपेटीत कुणी मेलेला मासा कोंबला. त्यांनी फोन केला. "माझं वय झालं गं. तुझ्या शेजारी बसणं आता झेपत नाही मला. राग मानू नकोस."

लव्हॉनने राग मानला नाही. रात्रंदिवस ती एकच गोष्ट उलटीपालटी करत होती. तिने हात सोडला होता, हे खरं. तो थांबला होता म्हणून माणसं वाचली, हेही खरं. दोन्ही तिला सोसायचं होतं. गावाला एकच पचलं, आणि जे पचलं त्यावर गाव धष्टपुष्ट झालं.

नोव्हेंबरात कर्ट भरघोस मतांनी निवडून आला. ख्रिसमसच्या आधी गॉर्डीच्या थडग्यावर सर्वांत मोठं पुष्पचक्र त्याचंच होतं. कर्स्टनने सणाला नातवंडांचा फोटो पाठवला. मागे एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

डिसेंबरच्या सभेत लव्हॉनने तोच ठराव पुन्हा मांडला. तेच शब्द, त्याच चार ओळी. ऐकायला या खेपेला तिघेचौघेच होते.

"अनुमोदन आहे कुणाचं?" कर्टने विचारलं.

विरोधातल्या दोघांनी नकारार्थी मान हलवली. इंगाबाई खिडकीबाहेर पडणारा बर्फ बघत होत्या. लव्हॉन त्यांच्याकडे बघत राहिली, त्या मान वळवेपर्यंत बघत राहणार होती, पण त्यांनी मान वळवली नाही.

"अनुमोदन नाही," कर्ट म्हणाला. "पुढचा विषय, बर्फ काढायच्या गाडीचं डिझेल."

डिझेलच्या बाजूने लव्हॉनने मत दिलं. सकाळी शाळेची बस जायची होती, तिच्या जागी नवा ड्रायव्हर होता, आणि क्लबासमोरच्या वळणावर बर्फ फार साचतो.