बावीस ठ

“ही कोणी काढून ठेवली?” खोक्यात हात घालत भालूकाकांनी विचारलं.

खोक्यात बावीस सर्किट बोर्डं होती. तळहाताएवढी, प्रत्येकावर ट्रान्झिस्टरच्या बारीक टोप्या ओळीनं उभ्या.

“मीच,” नीना म्हणाली. “ती डेड आहेत ना काका? कोणीतरी मार्क केलीयत.”

माझी मैत्रीण नीना इथेच, अमेरिकेतल्या पार्सिपनीत जन्मलेली. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवारी या छोट्या म्युझियममध्ये साठ वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर चालू करायला धडपडते. काचेच्या नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, तेव्हाचं हे कपाटाएवढं मशीन. दोन वर्षं झाली तरी त्याचा एकही दिवा लागत नव्हता. आमच्या शेजारचे भालूकाका तरुणपणी हीच मशीनं बनवायच्या कारखान्यात होते हे मी तिला सांगितलं, आणि आज त्यांना गाडीत घालून घेऊन आले. माझी तान्ही रुही माझ्या पोटाशी बांधलेली, गाढ झोपलेली. ती उठेपर्यंतचा वेळ आमचा.

निघताना प्रतिमाकाकूंनी दारातून ऐकवलंच होतं, “जा, एकदाचं बघून या. साठ वर्षं यांचं ऐकतेय, माझ्या हातून गेलेलं एकही बोर्ड बंद पडलं नाही म्हणून. आज काय ते कळेल.”

काका तेव्हा हसले, पण गाडीत मात्र गुडघ्यावर बोटानं टकटक करत राहिले.

आता त्यांनी एक बोर्ड उजेडात धरलं. कडेला पांढऱ्या रंगात छोटी खूण होती.

“ही काय आहे, वाच बरं.”

“पॉवर साइन. सर्कल आणि वर लाइन. म्हणजे ऑफ. रिजेक्ट.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, “तूच सांग गं हिला.”

“नीना, तो ठ आहे. मराठीतला.”

“ठ? लाइक, लेटर ठ?”

“ठोकून बघितलं, त्यातला ठ,” काका म्हणाले. “आमच्या गावाला वाटायचं, भालू अमेरिकेत कॉम्प्युटर बनवतो. भालू दिवसभर लाकडी काडीनं बोर्डं ठोकायचा! करंट सोडायचा आणि टकटक करायचं. कुठे डाख, म्हणजे सोल्डरचा सांधा, सैल असला की दिवा फडफडतो. नाही फडफडला, की ठ. सुपरवायझर म्हणायचा, हा पोरगा लॉलीपॉप काढत बसतो.”

“म्हणजे मी सगळी चांगलीच काढली? आणि त्या जागी दुसरीच स्पेअर्स घातली?” नीनानं कपाळावर हात मारला. “ओह नो, यार!”

“आईबाबांनी लिहायला नाही शिकवलं?”

“बोलायला शिकवलं. पत्र कोणाला लिहायचंय, म्हणाले.”

स्पेअर्स काढून काकांनी एकेक बोर्ड फुंकर मारून, पुसून, आपल्या हातानं खाचेत बसवलं. खाच एकदाही चुकली नाही. नीनानं स्विच दाबला. आत पंखा घरघरला आणि समोरच्या पट्टीवर नारिंगी दिवे लागले. मला हसू आवरेना. रुहीनं झोपेतच अंग ताणलं.

“काका! काका, इट्स अलाइव्ह!”

काका हसले नाहीत. ते दिव्यांकडे बघत होते. तिसऱ्या ओळीतला एक दिवा फडफडत होता.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीच्या बोर्डांवर मागच्या टोकानं हलकेच टकटक करत गेले. सोळाव्या बोर्डावर दिवा विझला. पुन्हा टकटक केली, लागला. बोर्डाच्या कडेला ठ होता.



“साठ वर्षं झाली त्याला, काका,” नीना म्हणाली. “मी गुपचूप बदलते. लिस्टमध्ये नाही टाकत. काकूंना पण नको सांगायला.”

“का? गेलंय, तर गेलंय म्हणून लिही.” त्यांनी ते बोर्ड काढून तिच्या हातात दिलं. “तिला मी सांगतो. बावीसातली एकवीस चालतायत, हेही सांगतो. चिठ्ठी आहे का? लिही, खराब.”

“मराठीत?”

“मग? ख असा.” त्यांनी कागदावर काढून दाखवला.

नीनानं चिकटपट्टीवर जपून अक्षर काढलं. काका वाकून बघायला लागले.

“हे रव झालं. दोन्ही खालून जोड. सुटं राहिलं तर वाचणारा फसतो.”

नीनानं जीभ दातांत धरली आणि खालचा सांधा हळूच जोडून घेतला.